नऊ मोजेपर्यंत

रविवार, ७ एप्रिल

हाक तुटली. काल जोवाईच्या कार्यक्रमात. मी चारपर्यंत मोजलं आणि पाचाला काहीच नव्हतं. गाताना डेन्झिलची मान मागे गेलेली, तोंड उघडं, गळ्याची शीर दोरीसारखी फुगलेली — आणि आवाज नाही. गिटार होती, ड्रम होते, खालचं सगळं होतं. फक्त वरची हाक नव्हती.

अडतीस वर्षं हे गाणं ऐकतो आहे. शेवटची हाक नऊ आकडे चालते. एकदा तुरा गावच्या कार्यक्रमात त्याच्या अंगात ताप होता तेव्हा आठ. बाकी कायम नऊ. काल चार!

आणि अख्ख्या मैदानात कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रोस्पर शेजारीच होता. पोलिसातून निवृत्त झाला तरी पोटावर बंद न होणारं चामडी जॅकेट घालून येतो. दादा म्हणावं तसं म्हणाला, बाह क्लेम, अंगावर काटा आला बघा. मी म्हटलं, थंडीचा असेल. त्याला काय कळतंय? टिन रूफ बँडचे कार्यक्रम त्यानेही माझ्याइतकेच पाहिलेत, पण तो ऐकतो कमी आणि नाचतो जास्त.

परत येताना दाफी गाडी चालवत होती. माझी भाची. आमच्यात घर धाकट्या लेकीकडे जातं, तसं बहिणीचं घर तिच्याकडे आलं, आणि बायको गेल्यावर मी मागच्या खोलीत आलो. तिला विचारलं, हाक कशी वाटली? काहीतरी बोलली. हल्ली ही पोरगी तोंडातल्या तोंडात बोलते. शाळेत शिकवते कशी कोण जाणे. पुन्हा विचारलं तर ओरडून म्हणाली, छान होती मामा, किती वेळा सांगू. खेकसायची काय गरज?

एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या हाकेला माझे डोळे आपोआप मिटतात. पहिल्या दिवसापासून मिटतात. काल मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि तो माझ्याकडे.

सोमवार, ८ एप्रिल

झोप नाही.

तीन वर्षं टिन रूफ वाजलं नव्हतं. ड्रमवाल्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बंदच. आता चार कार्यक्रम करून कायमचं थांबायचं म्हणतात. जोवाई झालं. राहिले नाँगस्टोइन, सोहरा, आणि १८ मेला आपलं शिलाँग, मोठ्या मैदानात. भिंतीभिंतीवर कागद लागलेत — शेवटचे चार.

शिलाँगला सगळे येणार. बाहेरगावी गेलेली पोरं विमानाने येणार म्हणे. प्रत्येकाच्या हातात फोन. तिथे हाक तुटली तर ती तुटलेलीच राहील, लोक पुन्हा पुन्हा बघतील. अडतीस वर्षांचं गाणं, आणि शेवटी काय, तर हसं!

मला काय करायचंय, असं म्हणून बघितलं. जमत नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

प्रोस्पर चहाला आला होता. त्याला सरळ विचारलं, तू मोजलंस का? तो म्हणाला, गाणं ऐकायला जातो, हजेरी घ्यायला नाही.

ही हाक म्हणजे काही साधी तान नव्हे, हे त्याला कोण सांगणार. डेन्झिलची आई दक्षिणेच्या उतारावरच्या गावातली. तिकडे मूल जन्मलं की आई त्याला एक सूर देते. नुसता सूर, शब्द नाहीत. पोर रानात गेलं की दरीच्या या बाजूने आई तो सूर लावते आणि पोर घरी येतं. ज्याचा सूर त्याचाच, दुसऱ्याला देत नाहीत. आई गेली त्या वर्षी डेन्झिलने हे गाणं केलं आणि शेवटी तिचा सूर तिच्यासारखाच वर चढवून लावला. पहिल्यांदा गायला तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये आम्ही साठ-सत्तर माणसं होतो. गाणं संपलं तरी टाळी नाही. सगळे दाराकडे बघत होते, कोणी येतंय का म्हणून.

मी डाव्या स्पीकरला लागून उभा होतो. तिथेच असतो मी. ती पेटी माझ्या हातची. मी तेव्हा करवतीच्या गिरणीत होतो. सहावीतून शाळा सोडून लागलो ते गिरण्या बंद होईपर्यंत. यांच्याकडे स्पीकर होते पण पेट्या नव्हत्या. पाइनच्या फळ्यांच्या दोन करून दिल्या. उजवी पुढे पावसात कुजली. डावी अजून आहे. आतला स्पीकर चारदा बदलला, लाकूड तेच. गाणं चालू असताना मी तिच्यावर हात ठेवतो. एकशे बारा कार्यक्रम झाले.

शुक्रवार, १९ एप्रिल

यंदा पाइनवरचे किडे ओरडतच नाहीत. एप्रिल सरत आला. दरवर्षी या दिवसांत त्यांच्या किर्रकिर्रीने डोकं उठतं. चर्चमध्येही बायकांचा आवाज बसल्यासारखा येतो, नुसते पुरुष घुमतात. काहीतरी बिघडलं आहे सगळीकडेच.

रविवार, २८ एप्रिल

नाँगस्टोइन. तीन.

चार नाही, तीन! या वेळी बोटांवर मोजलं. पेटीवर एक हात, दुसऱ्याची बोटं खिशात. तीन बोटं मिटली आणि पुढे फक्त गिटार.

तो माझ्याकडेच बघत होता. हाकेच्या वेळी तो नेहमीच या बाजूला बघतो. माझ्या तोंडावर काय होतं मला कसं कळणार? पण गाणं संपल्यावर त्याने लोकांना हात केला नाही. मागे वळला, पाणी प्यायला, आणि बराच वेळ पीत राहिला.

त्याला कळलंय. नक्की कळलंय. आणि सांगणारं कोणी नाही, सगळे नुसते टाळ्या वाजवताहेत.

परतताना प्रोस्पर गाडीत होता. भांडण झालं. तो म्हणाला, हाक झक्क लागली, तुम्ही म्हातारे झालात बाह क्लेम, तुम्हाला आता सगळंच जुनं बरं वाटतं. मी म्हटलं, तुझ्या कानात मेण आहे, चमच्याने काढ. दाफी काहीतरी बोलली, दोघांनाही उद्देशून असणार.

मंगळवार, ३० एप्रिल

सांगायलाच हवं. पण कसं?

त्याच्या तोंडावर सांगता येत नाही. पुरुषाची उणीव आमच्यात त्याच्या आईच्या घरी सांगतात. मामा असेल तर मामाला. माझ्याकडे नाही का येत लोक, दाफीच्या भावाने कुठे भांडण केलं की? येतात, सुपारी खातात, इकडचं तिकडचं बोलतात, उठताना मुद्द्यावर येतात. मग मी त्याला बोलावून सांगतो. असं केलं म्हणजे माणसाची लाज राखली जाते.

डेन्झिलचा मामा कधीच गेला. आईचं घर म्हणजे आता धाकटी बहीण, काँग थेइलिन. सगळे तिला मानाने काँग म्हणतात आणि घाबरतात. डेन्झिलही. मीही.

गेलो आणि ती म्हणाली, तुम्ही कोण सांगणारे, तर? खरंच मी कोण? ना नात्याचा ना बँडमधला. एक पेटी केली आहे, तीही एकच उरली.

बुधवार, १ मे

जाऊन आलो.

काँग थेइलिनने लाल चहा दिला, तांदळाचा पुथारो दिला, सुपारी पुढे केली. मी पावसाचं बोललो, गुडघ्याचं बोललो. शेवटी तीच म्हणाली, बाह क्लेम, तुम्ही नाँगथिम्माईचा चढ चढून गुडघा दाखवायला आला नाहीत.

मग सांगितलं. जोवाईला चार, नाँगस्टोइनला तीन.

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"दोनदा, काँग. बोटांवर मोजून."

"बाकी कोणी बोललं नाही."

"बाकीचे नाचत असतात."

त्यावर ती जराशी हसली. मग कितीतरी वेळ सुपारी कातरत राहिली. म्हणाली, ती हाक डेनची नाही, आमच्या आईची आहे, या घराची आहे. आई सांगायची, हाक मारायची तर पुरी मारावी. अर्धी मारली तर ज्याला बोलावलं तो अर्ध्या वाटेत उभा राहतो, ना इकडे ना तिकडे.

"मोडकी हाक चार लोकांत मारायची नाही," म्हणाली. "मी सांगते त्याला."

उठताना मला हातात सुपारी दिली, रस्त्यासाठी. मान दिला. चढ उतरताना हलकं वाटत होतं. बरोबर केलं. रीतीने केलं.

घरी आल्यावर पुन्हा विचार सुरू. मी फक्त सांगायला गेलो होतो. 'गाऊ नको' असं कुठे म्हणालो होतो?

रविवार, ५ मे

सोहरा. धुकं इतकं, की स्टेज कुठे आहे ते दिव्यांवरून कळत होतं.

हाकेचं गाणं झालं नाही.

शेवटचं गाणं तेच असतं, लोकांना ठाऊक असतं. टिन रूफने दुसरंच काहीतरी वाजवून संपवलं. लोक हलेनात. पाय आपटायला लागले, आधी तरुण पोरं, मग सगळेच. जमीन हलत होती, पेटीतून माझ्या हाताला लागत होतं. डेन्झिल धुक्यात पाठ करून उभा राहिला. बासवाला रोनी माइकवर येऊन काहीतरी बोलला आणि दिवे गेले.

संबंध कार्यक्रमात तो एकदाही माझ्या बाजूला वळला नाही. बाकीची गाणीही ओझं वाहिल्यासारखी म्हटली.

प्रोस्परने तासाभरात बातमी आणली. पोलिसाची सवय जात नाही. घरातून मनाई झाली म्हणे. "कोणीतरी काँग थेइलिनचे कान भरलेत. कोण ते कळलं ना, तर दोन्ही पाय बांधून धबधब्यात सोडीन," म्हणाला. माझ्याकडेच बघून म्हणाला, पण त्याला माहीत नाही. मी म्हटलं, धुकं फार आहे, निघू या.

त्याची अब्रू वाचवली मी. असंच झालं ना?

बुधवार, ८ मे

रोनीच्या बायकोकडून दाफीला कळलं आणि दाफीने मला ओरडून सांगितलं. शिलाँगला डेन्झिल गाणार नाही. तो म्हणतो, एकदा गेलेला आवाज लोकांपुढे नेणार नाही. हाकच नाही तर मी तिथे उभा राहून काय करू. बँडवाले दोनदा घरी जाऊन आले, त्याने दार उघडलं नाही.

दहा दिवस राहिले. शेवटचा कार्यक्रम, आणि डेन्झिलच नाही!

जेवण गेलं नाही. दाफी विचारत होती काय झालं. काय सांगू?

शुक्रवार, १० मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दाफीने कुकरमध्ये काळे तीळ घालून डुकराचं मटण लावलं होतं आणि ती मागे कपडे वाळत घालायला गेली. जाताना मला म्हणाली, मामा, चार शिट्या झाल्या की गॅस बंद करा. कुकरपासून दोन हातांवर खुर्ची टाकून बसलो. चाकू घेऊन माझी सुपारी कापत होतो. एकही शिटी झाली नाही. मनात म्हटलं, शिटीत कचरा अडकला असणार, फुटायचा एखाद्या दिवशी.

दाफी धावत आली. हातात ओला टॉवेल. आधी गॅस बंद केला. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत बोलली, प्रत्येक शब्द वेगळा करून.

"मामा. नऊ शिट्या झाल्या."

मी म्हटलं, एकही नाही.

"मी अंगणात मोजल्या. शेजारच्या काँगनेही विचारलं, तुमच्याकडे कोणी नाही का म्हणून."

मी म्हटलं, एकही नाही गं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. माझा हात धरून मला खिडकीशी नेलं, खिडकी उघडली, पाइनकडे बोट केलं. विचारलं, किडे ऐकू येतात? मी म्हटलं, यंदा आलेच नाहीत ते. तिने तोंडावर हात ठेवला.

तीन आठवडे झाले, म्हणाली. इतके ओरडतात की वर्गात शिकवता येत नाही.

शनिवार, ११ मे

कानाच्या डॉक्टरांकडे. तरुण बाई आहेत. कानावर डबे लावले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ बटण धरून बसलो. वाटलं, मशीन अजून सुरू व्हायचंय.

मग कागद दाखवला. डावीकडून रेघ थोडी सरळ जाते आणि मग सोहराच्या कड्यासारखी खाली. खालचे आवाज आहेत, वरचे गेले. गिरणीत किती वर्षं होतात? एकोणीस. कानात काही घालत होतात? कोण घालत होतं तेव्हा! आणि गाणी ऐकताना कुठे उभे असता? याचं उत्तर दाफीनेच दिलं — स्पीकरच्या तोंडाशी, डॉक्टर, तो त्यांनीच बनवलाय.

यंत्र मिळतं. थोडा उपयोग होतो, पण गेलेलं परत येत नाही, आणि अठरा तारखेच्या आत तर नाहीच.

घरी आल्यावर दाफीला जोवाईचं लावायला सांगितलं. तिच्या फोनवर आहे. मला नुसती गुरगुर ऐकू आली. मग तिने फोन स्वतःच्या कानाला लावला, आणि हाक सुरू झाली तेव्हा दुसरा हात वर करून एकेक बोट उघडायला लागली. पाच झाली. मूठ मिटून पुन्हा उघडायला लागली. सहा. सात. आठ.

नऊ.

नाँगस्टोइनचं लावलं. तेही नऊ.

मी तिच्या बोटांकडे बघत बसलो.

रविवार, १२ मे

चर्चला गेलो नाही. दाफीला सगळं सांगितलं — काँग थेइलिनकडे गेलो होतो ते. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, मामा, तुम्ही आमच्या घरात बोललेला शब्द फिरवता का कधी? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग हा फिरवा.

सोमवार, १३ मे

गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा दुखत नाही.

मंगळवार, १४ मे

गेलो. दाफी सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. मामाने केलेली चूक मामानेच निस्तरावी.

काँग थेइलिनच्या स्वयंपाकघरात बसलो. या वेळी पाऊस नाही, गुडघा नाही. डॉक्टरांचा कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, काँग, हाक तुटलेली नाही, माझे कान तुटलेत. मी या घरात खोटं बोलून गेलो.

तिने कागद पाहिला, रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता बाहेर काढणार. ती उठून मागच्या दाराशी गेली आणि हाताने खूण केली. डेन्झिल तिच्याकडेच राहायला आला होता! बाहेर लाकडं फोडत होता. आत आला, मला पाहून थांबला. दाढी वाढलेली. स्टेजवर तो पंचविशीचा दिसतो. तिथे चौसष्ट वर्षांचा म्हातारा दिसला, हातात कुऱ्हाड.

थेइलिन त्याला म्हणाली, बस, आणि तुझ्या तोंडावर ऐक.

पुन्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, काय? मी जोरात सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, काय? मी ओरडलो. थेइलिनने टेबलावर हात आपटला. "दोघं माझ्या स्वयंपाकघरात ओरडताय, शेजारी म्हणतील वाटणीवरून भांडण लागलं."

तेव्हा डेन्झिल हसला. खुर्ची माझ्याजवळ ओढली, इतकी की गुडघ्याला गुडघा लागला. म्हणाला, बाह क्लेम, तुमच्याआधी माझे गेले. पंधरा वर्षं झाली. बँडमध्ये रोनीला माहीत आहे, घरात हिला. खालचं छातीत कळतं, मधलं दातांत कळतं. वरची हाक मला ऐकूच येत नाही.

मी त्याला विचारलं, मग गातोस कसा?

"तुमच्याकडे बघून," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"हाक जागेवर लागली की तुमचे डोळे मिटतात. मग मला कळतं, आईपर्यंत पोचली. बाकीचे काय, मी खोकलो तरी टाळ्या वाजवतात. तुमचं तोंड खोटं बोलत नाही. जोवाईला तुम्ही असे बघत होतात, जसं समोर कोणी मेलंय. नाँगस्टोइनलाही तेच. मला वाटलं, गेली. मग हिने सांगितलं तेव्हा मी विचारलंही नाही की कोणी सांगितलं."

मी म्हटलं, अरे, नऊ होते. दोन्ही ठिकाणी नऊ. दाफीने बोटांवर मोजलेत. फोनमध्ये आहे.

तो म्हणाला, फोन उद्याचं सांगत नाही. त्या दिवशी होती. आता इतके दिवस लावलेली नाही, मनात भीती बसली आहे. शनिवारी तिथे उभा राहिलो तर मला कोण सांगणार? तुम्ही?

डोळ्यांत पाणी आलं, त्याचं मला काही वाटलं नाही.

थेइलिन इतका वेळ सुपारी कातरत होती. तिने तीन भाग केले, पानाला चुना लावला, एक त्याला दिला, एक मला. म्हणाली, घराची मनाई मी उठवते, ती चुकीच्या साक्षीवर झाली होती. पण गायचं की नाही ते याने ठरवावं. मग मला दारापर्यंत सोडायला आली. मला ऐकू जावं म्हणून खांद्याला धरून, कानाशी बोलली.

"हाक मारणाऱ्या आईला तरी कुठे दिसतं, पोराने ऐकली की नाही ते."

शुक्रवार, १७ मे

डेन्झिलचा काही निरोप नाही. भिंतींवर कागद अजून तसेच आहेत. दाफीने माझ्या जॅकेटला इस्त्री केली. प्रोस्पर विचारत होता, येणार ना? त्याला सगळं सांगून टाकलं. पाय बांध म्हटलं. त्याने जॅकेट पोटावर ओढलं. मग म्हणाला, आधी कार्यक्रम होऊ दे.

रविवार, १९ मे

गायला.

हाकेचं गाणं शेवटी आलं. पेटीवर माझा हात होता. त्याने मान मागे टाकण्याआधी या बाजूला पाहिलं, आणि मग बघतच राहिला. मला काही ऐकू आलं नाही. एकही आकडा नाही.

मी डोळे मिटले. मनात सावकाश नऊ मोजले, मग उघडले.

परतताना गाडीत दाफी सांगायला लागली, हाक कशी झाली ते. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. काच खाली केली, बाहेर पाइनकडे बघत म्हटलं, राहू दे गं, मला ऐकू येत नाही.